ग्रहणातली अकरा मिनिटं

निवृत्तीला पाच आठवडे राहिले असताना अक्का हट्टाला पेटली. या वयात माणसं उरलेल्या रजा संपवतात, टेबलाचे खण रिकामे करतात, निरोपाच्या दिवशी रडायचं की नाही ते ठरवतात. अक्काने मात्र सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं: ग्रहणाआधीचे पाच दिवस, ग्रहणाचा दिवस आणि नंतरचे पाच दिवस, सकाळी दहा ते दुपारी दोन, कपाट दर मिनिटाला चालवायचं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. साहेब म्हणजे अक्काच्या मुलीपेक्षाही दोन वर्षांनी लहान. माणूस सरळ, पण काळजीखोर. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारा.

"अक्का, दर मिनिटाला? आपण पंधरा मिनिटांतून एकदा चालवतो. हे यंत्र माझ्या जन्माच्या आधीचं आहे. तापून बसलं तर?"

"तापेल ना. पंख्याची सोय मी करते."

"आणि आधीनंतरचे दिवस कशाला? ग्रहण एकच दिवस आहे."

"साहेब, एखाद्याला ताप आलाय हे कळायला तो एरवी किती गरम असतो ते माहीत लागतं की नाही?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. ते म्हणाले, "ठीक आहे. पण एक सांगून ठेवतो. यंत्र दमतंय असं दिसलं की मी ते बंद करणार. जळलं तर त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत आणि उत्तर मला द्यायचंय."

"दमलं तर बंद करा. मी हात धरणार नाही. पण ते दमलंय की नाही, हे मी सांगणार."

आता हे कपाट म्हणजे काय, ते सांगायला हवं. माणसापेक्षा वीतभर उंच, करड्या रंगाचं, बटणांनी आणि तबकड्यांनी भरलेलं एक जुनं यंत्र, म्हणून सगळे त्याला कपाट म्हणायचे. गावाच्या टोकाला एकमजली इमारत, मागे मोकळी जागा, तिथे एक उंच खांब आणि त्यावरून खाली ताणलेल्या तारा. लोकांना वाटायचं, इथून रेडिओवर गाणी लागतात. अक्काने पहिली दोन-तीन वर्षं समजावून सांगितलं, मग नाद सोडला. कुणी विचारलं की म्हणायची, "हो, गाणीच लागतात, पण ऐकणारा फार लांब राहतो."

खरं काम असं, की कपाट आकाशाला हाक मारतं आणि आकाश ओ देतं का ते बघतं. शंभर किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की तिला हवा म्हणायलाही जीभ रेटत नाही. सूर्याचे कडक किरण त्या हवेचे कण फोडतात, त्यातून वीजभारित कणांचे थर बनतात, आणि खालून गेलेली रेडिओची लहर त्या थरांवर आपटून परत येते. कपाट खालच्या सुरापासून वर चढत चढत हाका मारतं. थर दाट असेल तर वरच्या सुरातली हाकही परत येते, विरळ असेल तर आरपार निघून जाते. हे सगळं पडद्यावर रेषांमध्ये उमटतं. एक रेषा खालच्या थराची, एक वरच्या थराची. रेषा लांब म्हणजे थर दाट, आखूड म्हणजे विरळ. ऊन चढलं की रेषा लांबतात, मावळलं की आखडतात. अक्का एकतीस वर्षं हेच बघत आली होती, आणि कंटाळा आला का असं कुणी विचारलं की तिला राग यायचा.

ग्रहणात काय होतं? संध्याकाळी जे तासन्‌तास चालतं, ते भरदुपारी तासाभरात होतं, आणि लगेच उलटं फिरतं. वरच्या हवेला दुसरी एवढी स्वच्छ परीक्षा नाही. सूर्य झाकला, थर किती विरळला, किती उशिराने विरळला, पुन्हा केव्हा भरला, हे मिनिटामिनिटाला मोजायला मिळतं. एकाच गावावरून एकतीस वर्षांत दोनदा पूर्ण सावली जाणं म्हणजे तर लॉटरीच.

आणि ही लॉटरी अक्काला एकदा लागून गेली होती. ती तिने स्वतःच्या हाताने मातीत घातली होती.

तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, नोकरीला चार महिने झाले होते. तिला काम शिकवणारे मास्तर केंद्राचे प्रमुख होते. नेमके ग्रहणाच्या दिवशी ते तापाने फणफणले. त्यांनी निरोप पाठवला, "दर मिनिटाला चित्र घे. रेषा थोड्या आखडतील, घाबरू नकोस." बस, एवढंच.

थोड्या! दुपारी बारा वाजायच्या सुमाराला रेषा अशा काही आखडू लागल्या की अक्का खुर्चीतून उठून उभीच राहिली. खालची रेषा पडद्याच्या काठाकडे सरकत चालली, वरची विस्कटली. आता, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलेला नियम होता, की रेषा आखूड आणि विस्कटलेली दिसली तर समजावं, व्हॉल्व्ह, म्हणजे हाकेला जोर देणारी काचेची नळी, दमला; तो बदलावा. एरवी नियम बरोबरच होता. त्या मुलीने तो पाळला. कपाट बंद केलं, काचेचा भला मोठा व्हॉल्व्ह काढला, नवा बसवला, पुन्हा चालू केलं. नवा व्हॉल्व्ह गरम व्हायला वेळ घेतो. सगळी मिळून अकरा मिनिटं गेली. मग पडद्यावर रेषा आली, आणि दर मिनिटाला लांबत चालली. अक्काला एवढा आनंद झाला की तिने एकटीनेच टाळी वाजवली. आपण यंत्र वाचवलं!

मग तिला दाराच्या फटीतून आत येणारा उजेड दिसला. वाढत चाललेला. ग्रहण सुटत होतं.

काढलेला व्हॉल्व्ह तिने तपासणीच्या खोक्यावर लावून बघितला. तो अगदी ठणठणीत होता. आकाश आखडलं होतं आणि तिने यंत्राला औषध दिलं होतं. ग्रहणाची जी तीन मिनिटं सगळ्यात मोलाची, सूर्य पूर्ण झाकलेली, ती नेमकी त्या अकरांत गेली होती.

नोंदवहीत काहीतरी लिहायला हवं होतं. नवी नोकरी, घरी आजारी आई. तिने लिहिलं, "वीज गेली. अकरा मिनिटं यंत्र बंद."

दोन दिवसांनी मास्तर आले. नोंदवही वाचली, पेन उघडलं, सही केली. मग मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "घड्याळ मात्र बरोबर चालतंय हं."

भिंतीवरचं घड्याळ विजेवर चालायचं.

अक्काला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण मास्तर त्यावर पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढे कधी. फक्त तिला कपाटासमोर बसवलं आणि पडद्याच्या तळाशी आडवी पसरलेली जाड पट्टी दाखवली. "ही काय आहे? ही आपलीच हाक, आकाशात न जाता सरळ आपल्याच कानावर पडलेली. यंत्राचा घसा बसला तर आधी ही पुसट होते. ही स्वच्छ असेल तर यंत्राला हात लावायचा नाही. जे काय झालंय ते वर झालंय." मास्तर जाऊन आता बारा वर्षं झाली होती. ती पट्टी अक्का अजून रोज बघायची, चहाच्याही आधी.

तर असं होतं प्रकरण. म्हणून अक्काला हे ग्रहण अख्खं हवं होतं, सलग, एकही मिनिट न गाळता. पुढचं ग्रहण या गावावर यायला शंभरावर वर्षं होती आणि तिला पाच आठवडे.

तिचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. अक्काने मिस्त्रींना शनिवारी केंद्रावर नेलं, कपाटाची मागची झडप उघडून दाखवली आणि म्हणाली, "अहो, हे चार तास तापू द्यायचं नाही. करा काहीतरी."

मिस्त्रींनी आत डोकं घातलं. "अगं, हे यंत्र आहे की अडगळीची खोली?"

"बोलू नका. करा."

त्यांनी जुन्या बसचे दोन पंखे आणले, पत्र्याचं नळकांडं वाकवलं आणि वारा बरोबर व्हॉल्व्हवर जाईल असं बसवलं. आवाज असा यायला लागला की खोलीत बस चढणीला लागल्यासारखं वाटावं. साहेब दारात येऊन कानावर हात ठेवून उभे राहिले. अक्का खूश होती.

आधीचे पाच दिवस सुरळीत गेले. दर मिनिटाला एक चित्र, रोज दोनशे चाळीस. अक्का डब्यातलं जेवण डाव्या हाताने खायची, कारण उजव्या हातात पेन असायचं. पाचव्या दिवशी साहेबांनीच खुर्ची ओढली आणि आकड्यांच्या नोंदी करायला बसले. अक्काने वही त्यांच्याकडे सरकवली. मनातून तिला बरं वाटलं.

ग्रहणाच्या दिवशी आकाश निरभ्र होतं. गावातले लोक काळे चष्मे घेऊन गच्च्यांवर चढले होते. मिस्त्रींना अक्काने पायरीवर बसवलं, हातात ट्रान्झिस्टर दिला. "इथे एक दूरचं स्टेशन आहे. दिवसा लागत नाही, अंधार पडल्यावरच लागतं. हे दुपारी ऐकू आलं की किती वाजता, ते लिहून ठेवा."

"दुपारी कसं लागेल?"

"दिवसा सगळ्यात खालचा एक थर त्याचा आवाज गिळतो. ऊन गेलं की तो थर विरतो. काटा हलवू नका आणि कान हलवू नका."

"आणि डोळे?"

"डोळ्यांचं तुमचं तुम्ही बघा."

पावणेअकराला चंद्राने सूर्याचा काठ धरला. आत, बिनखिडकीच्या खोलीत, पंधरा-वीस मिनिटं काहीच फरक नव्हता. मग खालची रेषा आखडायला लागली. अक्का वाचत होती, साहेब लिहीत होते. साडेअकरा. पावणेबारा. खालची रेषा काठाकडे सरकत होती, वरची अजून तग धरून होती. पंखे घरघरत होते. बारा वाजायला आले तशी वरची रेषाही विस्कटली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कपाटाच्या बाजूला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अक्का, हे तापलंय. रेषा बघा, चिंध्या झाल्यात. यंत्र दमलं."

"नाही दमलं."

"एवढी आखूड रेषा ग्रहणाने होईल? सूर्याचा थोडा भाग अजून बाहेर आहे! पाच मिनिटं बंद करू, थंड होऊ दे, मग..."

"बंद करून पुन्हा गरम होईपर्यंत बघण्यासारखं काही उरणार नाही, साहेब."

"अक्का, जबाबदारी माझी आहे!" साहेब उठले आणि मुख्य बटणाकडे वळले.

अक्काने आपली खुर्ची, स्वतःसकट, बटणाच्या समोर सरकवली. चाकं करकरली. खरं सांगायचं तर तिचेही हात बटणाकडे धाव घेऊ बघत होते. रेषा अगदी तशाच दिसत होत्या, एकतीस वर्षांपूर्वीसारख्या. आतून कुणीतरी ओरडत होतं, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह! आणि या वेळी खरंच व्हॉल्व्ह असला तर? कपाट म्हातारं होतं, तापलं होतं, काहीही होऊ शकत होतं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि पडद्याच्या तळाशी बघितलं.

पट्टी जाड होती. काळी, कडक, सकाळी होती तशीच.

"साहेब, तळाला बघा. रेषांकडे बघू नका, तळाला बघा. सकाळच्या चित्राशी लावून बघा."

साहेबांनी सकाळचं चित्र काढलं, पडद्याजवळ धरलं. एकदा बघितलं, परत बघितलं.

"सारखीच आहे," ते हळूच म्हणाले.

"मग यंत्राचा घसा ठणठणीत आहे. ही हाक जातेय. वर ओ देणारं कमी झालंय. बसा खाली आणि लिहा."

साहेब बसले. तेवढ्यात बाहेरून मिस्त्रींची आरोळी आली, "अगं, लागलं! बाई बातम्या देतेय! बारा वाजून चार!" अक्का त्या क्षणीही ओरडली, "लिहा ते, सांगत बसू नका!"

बारा वाजून सहा मिनिटांनी बाहेर गाव एकदम ओरडलं आणि गप्प झालं. सूर्य पूर्ण झाकला होता. अक्का पडद्यावर खिळली होती. खालची रेषा आखडत काठाशी आली, नखाएवढी उरली. आता तुटेल, तिला वाटलं. बारा वाजून सहा. सात. आठ. तुटली नाही. झाकलेल्या सूर्याभोवतालच्या प्रभेतून काहीतरी अजून वर पोचत होतं, आणि त्या एवढ्याशा उन्हावर शंभर किलोमीटर वरची हवा ओ देत होती. याच तीन मिनिटांत एकतीस वर्षांपूर्वी ती व्हॉल्व्ह पिळून काढत होती. तेव्हा काय हुकलं होतं, हे तिला आज कळत होतं. अक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात मांड्यांखालून काढायची तिची तयारी नव्हती.

"वाचा, अक्का," साहेब म्हणाले.

तिने वाचलं. पुढचं मिनिट वाचलं. त्याच्या पुढचं वाचलं. खालची रेषा सूर्याबरोबर लगेच परत फिरली. वरची मात्र तशी नव्हती, सूर्य बाहेर आला तरी ती आणखी वीसेक मिनिटं आखडतच राहिली आणि मग कुठे वळली. दोन वाजता अक्काने शेवटचं चित्र घेतलं. दोनशे चाळीस. मधे एकही गाळलेलं नव्हतं.

मग ती बाहेर पायरीवर आली. मिस्त्री ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. तळहातावर पेनाने वेळ लिहिली होती.

"कसं दिसलं ग्रहण?" अक्काने विचारलं.

"कुठलं दिसतंय! तू कान हलवू नका म्हणालीस. कान एका जागी ठेवायचा तर मान वर कशी करणार?" मिस्त्रींनी तिच्याकडे नीट बघितलं. "आणि तू रडलीस का गं?"

"हो," अक्का म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली.

नंतरचे पाच दिवसही झाले. सहाव्या दिवशी सगळे आकडे शेजारी शेजारी मांडून साहेबांनी वरच्या कार्यालयाला पाठवायचा अहवाल लिहायला घेतला. जुन्या ग्रहणाशी तुलना हवी होती, म्हणून त्यांनी अक्काला एकतीस वर्षांपूर्वीची नोंदवही मागितली. अक्काने ती आणली, पान उघडलं, पण साहेबांच्या हातात दिली नाही. आधी स्वतःचं पेन काढलं. जुन्या ओळीखाली तिने लिहिलं: "वीज गेली नव्हती. यंत्र मी बंद केलं. रेषा आकाशामुळे आखडली, मला ती यंत्रामुळे वाटली. व्हॉल्व्ह बदलला, त्यामुळे पुढचे आकडे नव्या व्हॉल्व्हचे आहेत." खाली तारीख घातली, सही केली आणि वही साहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अक्का, तीन आठवडे राहिलेत तुमचे! यावर चौकशी लागू शकते. कुणाला कळणार होतं?"

"कळलं होतं," अक्का म्हणाली, आणि तिने मास्तरांचं आणि घड्याळाचं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. "माझं राहू द्या बाजूला. उद्या कुणी ही दोन ग्रहणं शेजारी ठेवेल. अकरा मिनिटांनंतर रेषा जरा जास्त लांब दिसते. तो म्हणेल, हवा अशी वागली. हवा तशी वागली नव्हती, साहेब. नव्या व्हॉल्व्हचा जोर जास्त होता. एकतीस वर्षं आकाशाच्या नावावर माझी चूक लिहिलेली आहे. चौकशी लागली तर लागू दे. तुम्ही साक्षीची सही करा."

साहेबांनी वही जवळ ओढली. मास्तरांची जुनी सही तिथेच होती, शाई तपकिरी झालेली. मग त्यांनी पेन उघडलं आणि तिच्या शेजारी आपली सही केली. नंतर मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि सहीखाली वेळ लिहिली.